पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर एमबीए: बेळगाव-निपाणी पट्ट्यातून मिळणाऱ्या पर्यायांची पारख

उद्यमबागेतला सुपरवायझर, हत्तरगीच्या एरोस्पेस वसाहतीतला प्लॅनर, चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यातला केमिस्ट, बेळगावातल्या सहकारी बँकेतला अधिकारी. वय ३५ ते ४५, पगार बऱ्यापैकी, पण वरची जागा रिकामी झाली की तिथे बाहेरचा एमबीए येऊन बसतो. मग आपणही एमबीए करावं का, केलं तर कुठून, हा प्रश्न पडतो. इथे त्या पर्यायांची पारख केली आहे, आणि ती फक्त नोकरी किंवा धंदा चालू असलेल्या माणसासाठी आहे. नुकतीच पदवी घेतलेल्या मुलांचं गणित वेगळं असतं.

पर्याय बघण्याआधी एक काम करा. आपल्या कंपनीच्या एचआरकडे जाऊन विचारा: माझ्या पुढच्या पदासाठी एमबीए लागतं असं कुठल्या नियमात किंवा जाहिरातीत लिहिलं आहे का? लिहिलं असेल तर कुठलं चालतं, रेग्युलरच की दूरशिक्षणाचंही? उत्तर ईमेलवर मागा. तोंडी ‘केलंस तर बघू’ हे उत्तर धरून दोन वर्षं आणि लाख रुपये घालू नका. दुसरं काम, नोकरीच्या संकेतस्थळांवर आपल्याला हव्या त्या पदाच्या बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, पुणे आणि गोव्याच्या वीस जाहिराती काढा. किती ठिकाणी ‘एमबीए आवश्यक’ आहे आणि किती ठिकाणी नुसतं ‘असल्यास प्राधान्य’ आहे ते मोजा. वीसपैकी दहा-बारा ठिकाणी आवश्यक असेल तरच पुढे जा. तीन-चारच असतील तर तुमची अडचण पदवीची नाही, एखाद्या ठरावीक कौशल्याची आहे, आणि ते कौशल्य कमी पैशात मिळतं.

या पट्ट्यातल्या बऱ्याच लोकांना एमबीए लागत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. सहकारी बँकेतल्या माणसाने आधी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची जेएआयआयबी आणि मग सीएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांसाठीची परीक्षा द्यावी. पहिलीत ४ पेपर, दुसरीत ४ सक्तीचे आणि १ ऐच्छिक. बढती देणाऱ्या संचालक मंडळाला आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला या परीक्षांचा अर्थ कळतो. कर्जाची वर्गवारी, तारण, वसुली हे रोजचं काम त्यात थेट येतं. साखर कारखान्यातल्या केमिस्टसाठी बेळगावातच एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. चीफ केमिस्ट व्हायचं असेल तर साखर तंत्रज्ञानातली तिथली पात्रता एमबीएच्या आधी हवी. डिस्टिलरी, को-जन (वीजनिर्मिती), खरेदी, ऊस विकास अशा सगळ्या विभागांवरचं जनरल मॅनेजरपद हवं असेल, तेव्हा एमबीएचा विचार करणं योग्य.

हत्तरगीच्या वसाहतीत, किंवा तिथे माल पुरवणाऱ्या मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांना गुणवत्तेच्या बाजूने वर जायचं असेल तर एएस ९१०० (विमान उद्योगाचं गुणवत्ता मानक) ऑडिटरचं प्रमाणपत्र आणि सिक्स सिग्मा या दोष कमी करण्याच्या पद्धतीचा ग्रीन बेल्ट आधी घ्यावा. प्रोजेक्टच्या बाजूने जायचं असेल तर पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र. डिप्लोमावाल्यांनी पीएमपीची एक गोष्ट लक्षात ठेवावी: चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, नसेल तर ६० महिन्यांचा. म्हणजे पदवी नाही म्हणून ते दार बंद होत नाही. एमबीएचं मात्र होतं. आपल्या भागात एसएसएलसीनंतर (दहावीनंतर) तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा करून थेट कामाला लागलेले खूप जण आहेत. डिप्लोमा म्हणजे पदवी नव्हे, त्यावर एमबीएला प्रवेश मिळत नाही. ‘डिप्लोमावर थेट एमबीए’ करून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. आधी बीकॉम किंवा बीबीएची तीन वर्षं, मग एमबीएची दोन. वय ४० असेल तर ही पाच वर्षं खरंच हवीत का, ते घरच्यांबरोबर बसून ठरवावं.

फौंड्री किंवा मशीन शॉपचा मालक, किंवा घरचा धंदा हाती घेणारा मुलगा, यांच्यासाठी आमचं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असं आहे. त्याची दुखणी ठरलेली असतात: रिजेक्शन किती टक्के, एका किलो कास्टिंगला वीज किती लागली, गिऱ्हाईक पैसे ९० दिवसांनी देतं आणि कच्च्या मालाचा व्यापारी मात्र रोख मागतो. यावर चांगला कॉस्ट अकाउंटंट तीन महिने बसवला तर जास्त उपयोग होतो. शिवाय २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटली आणि वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला आयकरात त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही, हा १९६१ च्या आयकर कायद्यातला ४३बी(एच) चा नियम. उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारकडची नोंदणी) करून बिलावर तो क्रमांक छापणं हे काम एका दिवसाचं आहे. घरच्या धंद्यात भाऊबंदांशी वाटणी, हिशेब आणि उत्तराधिकार यांची गुंतागुंत असेल, तर त्याला वकील आणि सीए लागतात.

मग एमबीए कुणी करावं? ज्याच्या कंपनीत नियम लिहिलेला आहे. जो उत्पादनातून विक्री, खरेदी किंवा मनुष्यबळाकडे वळतोय आणि ज्याच्याजवळ दाखवायला कागद नाही. जो सरकारी किंवा निमसरकारी जागेसाठी अर्ज करणार आहे आणि जिथे पदव्युत्तर पदवीला गुण आहेत. आणि कॉलेजात पुढे शिकवायचं आहे असा माणूस, पण त्याने रेग्युलर की दूरशिक्षण हे आधी त्या संस्थेलाच विचारून घ्यावं.

पैशाचं गणित

एक साधं उदाहरण घेऊ. हातात येणारा पगार महिना ४२,००० रुपये, वय ३८. नोकरी सोडून दोन वर्षांचं पूर्णवेळ एमबीए केलं तर बुडालेला पगार २४ महिन्यांचा, म्हणजे १०,०८,००० रुपये. फी आणि बाकी खर्च ४ लाख धरला तर एकूण १४,०८,०००. नंतर पगार १५,००० ने वाढला तरी ही रक्कम भरून निघायला जवळजवळ ९४ महिने, म्हणजे आठ वर्षं लागतात, आणि तोवर वय ४८. पगार तेवढा वाढेलच याची खात्री नाही. कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या २३-२४ वर्षांच्या मुलांना घ्यायला येतात. तिथला सुरुवातीचा पगार तुमच्या आजच्या पगाराइतका किंवा त्याहून कमी असू शकतो.

आता नोकरी न सोडता दूरशिक्षणातून केलं, फी, परीक्षा शुल्क, पुस्तकं आणि येणं-जाणं धरून ९०,००० गेले, आणि बढतीने पगार ५,००० च वाढला, तरी १८ महिन्यांत पैसे परत येतात. म्हणून पस्तिशीनंतर पूर्णवेळ एमबीएसाठी नोकरी सोडू नये, असं आम्ही म्हणतो. आपले आकडे घालून हीच बेरीज घरी करून बघा. वेळेचा हिशेबही याच कागदावर मांडायचा आहे, तो खाली इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) भागात येतो.

कर्ज काढणार असाल तर आयकरात (१९६१ च्या कायद्यात कलम ८०ई) फक्त व्याजाची वजावट मिळते, तीही ८ वर्षांपर्यंत आणि फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या करप्रणालीत असाल तर या सवलतीचा फायदा शून्य. कंपनीतल्या अकाउंटंटला तुम्ही कुठल्या प्रणालीत आहात ते विचारून मगच कर्जाच्या हप्त्याचा हिशेब करा.

पूर्णवेळ कॉलेजं आणि आयआयएम

बेळगावात पूर्णवेळ एमबीएची कमतरता नाही. मच्छेला ‘ज्ञान संगम’मध्ये १९९८ साली स्थापन झालेलं व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) आहे, भुतरामनहट्टीला २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, कर्नाटक लॉ सोसायटीची आयएमईआर ही व्यवस्थापन संस्था आणि उद्यमबागेतलं जीआयटी हे अभियांत्रिकी कॉलेज आहे. सरकारी कोट्यातला प्रवेश केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) पीजीसीईटी या प्रवेशपरीक्षेतून होतो. शिकवणं चांगलं असलं तरी नोकरदाराला ही व्यवस्था बसत नाही. व्हीटीयूच्या नियमात ८५ टक्के हजेरी लागते. नाव पूर्णवेळला घालून नोकरी चालू ठेवणं आणि हजेरी ‘मॅनेज’ करणं, हे कुणी सुचवलं तरी करू नये. पीएफच्या नोंदी आणि पदवीची वर्षं एकाच काळातली दिसली की पुढच्या कंपनीच्या पडताळणीत प्रश्न उभा राहतो.

नोकरी सोडलीच असेल आणि पूर्णवेळच करायचं असेल, तर सीमाभागातल्या मराठी माणसाला महाराष्ट्रातला एक मार्ग खुला आहे. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशप्रक्रियेत सीमाभागासाठी ‘ई’ प्रकारची उमेदवारी असते. दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातल्या शाळेतून झालेली हवी आणि मातृभाषा मराठी हवी. त्यासाठी दोन वेगवेगळे दाखले लागतात: शाळा सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपलं गाव आहे की नाही ते आधी बघा. दाखले सीईटीच्या अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात मागायला गेलं की वेळेत मिळत नाहीत. शाळेतून जुना रजिस्टर उतारा काढण्यातच दिवस जातात, म्हणून हे काम परीक्षेच्या आधी करायचं. कोल्हापूरला एमबीए करणाऱ्या निपाणीच्या मुलाला याचा खरा उपयोग आहे, कारण निपाणीहून कोल्हापूर जेमतेम ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आयआयएमबद्दल थोडक्यात. अहमदाबादचा पीजीपीएक्स हा अनुभवी लोकांचा एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, २००६ पासून चालू आहे. त्याची फी तीस लाखांच्या वर जाते, आणि प्रवेशासाठी जीमॅट किंवा जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण लागतात. परदेशी कंपनीत किंवा मोठ्या उद्योगसमूहात वरच्या पदाकडे डोळा असेल आणि गुण भरपूर असतील तरच तो विचार करावा. बंगळूरच्या आयआयएमचा नोकरदारांसाठीचा दोन वर्षांचा कार्यक्रम बंगळुरात राहणाऱ्यांसाठी उत्तम आहे. बेळगावातून बंगळूर पाचशे किलोमीटर, दर आठवड्याला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर जाणं आणि रात्रभर येणं दोन वर्षं कुणाच्या तब्येतीला झेपत नाही.

‘आयआयएमचं’ म्हणून फोनवर विकलं जाणारं सहा-दहा महिन्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. ती पदवी नाही. आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने मिळाला, पण म्हणून त्यांचं प्रत्येक प्रमाणपत्र पदवी होत नाही. अशा प्रमाणपत्रांच्या फीवर १८ टक्के जीएसटीही लागतो. फोनवर सांगितलेल्या रकमेत तो धरला आहे का, ते विचारा. ज्याच्याकडे आधीच चांगली पदवी आणि हुद्दा आहे, त्याला एखादा विषय नीट शिकायला याचा उपयोग होईल. ‘एमबीए आवश्यक’ असलेल्या जाहिरातीला यातून काही होत नाही.

दूरशिक्षण आणि ऑनलाइन: हद्दीचा प्रश्न

इथे सीमाभागातले लोक सगळ्यात जास्त फसतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या दूरशिक्षण आणि ऑनलाइन नियमांप्रमाणे राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षणाचे वर्ग आपल्या हद्दीबाहेर चालवता येत नाहीत, फ्रँचायझीही देता येत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं ‘अभ्यासकेंद्र’ बेळगावात किंवा खानापुरात असल्याचं कुणी सांगितलं तर सावध व्हा. तसंच मैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचं केंद्र कागलला किंवा गडहिंग्लजला असू शकत नाही. नाशिकचं करायचं असेल तर केंद्र महाराष्ट्राच्या हद्दीतलंच घ्यावं लागतं. निपाणी, संकेश्वरच्या माणसाला ते जड नाही. संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला मात्र हद्द नाही. तो बेळगावात बसून कुठल्याही राज्यातून करता येतो, फक्त त्या विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमाला त्याच वर्षाची मान्यता हवी. व्हीटीयूचाही ऑनलाइन एमबीए आहे. आपल्याच जिल्ह्यातलं विद्यापीठ असल्यामुळे कागदपत्रं अडली तर मच्छेला जाऊन विचारता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

मान्यता यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर बघायची, विद्यापीठाच्या पत्रकावर नाही. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, आणि तुमच्या प्रवेशाचं सत्र. मागच्या वर्षी मान्यता होती म्हणून यंदाही असेलच असं नाही. मैसूरच्या मुक्त विद्यापीठाची मान्यता मधली काही वर्षं अडकली होती आणि २०१८ मध्ये ती पुन्हा मिळाली. त्या काळात पदवी घेतलेल्यांना नोकरीच्या जागी खूप त्रास झाला. आज ते विद्यापीठ मान्य आहे आणि कन्नड चांगलं येणाऱ्यांना सोयीचंही आहे, पण वर्ष तपासण्याची सवय का हवी, ते त्यावरून कळतं.

दूरशिक्षणाची पदवी रेग्युलरच्या तोडीची धरली जाते का? मान्यताप्राप्त विद्यापीठाची असेल तर हो. यूजीसीने हे सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं आहे. खाजगी कंपनीला मात्र आपला नियम ठेवायची मोकळीक असते, म्हणून सुरुवातीला सांगितलेला एचआरचा ईमेल महत्त्वाचा.

‘दहा दिवसांत एमबीए’ अशा जाहिरातींविरुद्ध यूजीसीने २०२४ मध्ये जाहीर सूचना काढली. तीन वर्षांच्या पदवीवर दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीत दूरशिक्षणातून एमबीए होत नाही, मागच्या तारखेने प्रवेशही होत नाही. आणि हे फसवणुकीचे प्रकार फक्त दिल्ली-उत्तर प्रदेशातले समजू नका. यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाकच्या ‘बडगणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटी’चं नाव वर्षानुवर्षं होतं.

खाजगी विद्यापीठांचे ऑनलाइन एमबीए साधारण लाख-दोन लाखांत पडतात. व्हिडिओ चांगले असतात, मोबाईलवर बघता येतात, आणि वेळच्या वेळी आठवण करून देणारा माणूस असतो. ज्याला स्वतःहून अभ्यासाला बसणं जमत नाही त्याला त्याचा उपयोग होतो. अडचणी दोन. पहिली हप्त्यांची: ‘महिना चार हजार’ म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. सहा महिन्यांत अभ्यासक्रम सोडला तरी कर्ज चालूच राहतं, आणि हप्ता चुकला की सिबिल खराब होतो. पुढे घरासाठी कर्ज काढायचं असेल तर हे भारी पडतं. सही करण्याआधी कर्ज देणारी कंपनी कोण, आणि प्रवेश रद्द केला तर उरलेली रक्कम कोण भरणार, हे लेखी घ्या. दुसरी अडचण परीक्षेची. ऑनलाइन परीक्षेत कॅमेरा चालू ठेवून नेट सलग चालावं लागतं. जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याच्या बाजूला पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जाते. तिकडच्या लोकांनी परीक्षेच्या दिवसांत बेळगावात पाहुण्यांकडे मुक्काम करावा आणि यूपीएस असलेलं घर बघावं.

आमची पसंती आणि ती का

या सगळ्यांत नोकरदारासाठी आमची पहिली पसंती इग्नूचा एमबीए. फी साठ-पासष्ट हजारांच्या घरात, केंद्रीय विद्यापीठ असल्यामुळे राज्याच्या हद्दीचा प्रश्न नाही, आणि देशात कुठेही नाव सांगितलं की समजतं. पदवीला सर्वसाधारण गटात ५० टक्के, राखीव गटात ४५ टक्के लागतात. आता प्रवेशपरीक्षा नाही. छापील पुस्तकं चांगली आहेत, भाषा सरळ इंग्रजी आहे, मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले दोन महिने जड जातात, मग जमतं. कमतरता म्हणजे पाठपुरावा कुणी करत नाही. बेळगाव जिल्हा विजापूरच्या प्रादेशिक केंद्राखाली येतो. काही अडलं तर तिथवर दोनशे किलोमीटर जावं लागू शकतं. म्हणून प्रत्येक अर्जाची, पावतीची आणि पोचेची प्रत फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे ठेवा.

अभ्यासक्रम २८ विषयांचा, ११६ क्रेडिटचा. त्यात २७ विषय ४ क्रेडिटचे आणि प्रकल्प ८ क्रेडिटचा. इग्नू एका क्रेडिटला ३० तास धरते, म्हणजे ३,४८० तास. दोन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला ३३ तास होतात, पाळीत काम करणाऱ्याला ते अशक्य. मुदत जास्तीत जास्त चार वर्षांची आहे. चार वर्षांत वाटलं तर आठवड्याला १७ तास: रोज दोन आणि सुटीच्या दिवशी पाच. अनुभवी माणसाला मनुष्यबळ किंवा उत्पादन व्यवस्थापनात यातले थोडे तास वाचतात, संख्याशास्त्र आणि अकाउंट्समध्ये ते परत खर्च होतात. आमचा सल्ला तीन वर्षांचा, आणि उरलेलं वर्ष राखीव.

राखीव ठेवायचं कारण आपल्या भागातलंच आहे. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होते. डिसेंबर म्हणजे साखर कारखान्याचा भर सीझन. गाळप चालू असताना केमिस्टला किंवा ऊस विभागातल्या माणसाला रजा मिळत नाही. त्यामुळे कारखान्याच्या माणसाने डिसेंबरला एखाद-दुसरा सोपा पेपर ठेवावा आणि बाकी सगळे जूनला द्यावेत. फौंड्रीतल्या माणसाने मार्चअखेरचा माल पाठवण्याचा ताण धरून जानेवारी-फेब्रुवारीतच स्वाध्याय (घरून लिहून द्यायची उत्तरं) संपवावेत. स्वाध्याय आणि परीक्षा दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. स्वाध्यायाला ३० टक्के वजन आहे, आणि ते मुदतीत दिले नाहीत तर परीक्षेत कितीही गुण असले तरी विषय पूर्ण होत नाही. बाजारात मिळणारे तयार स्वाध्याय उतरवू नका. उत्तरं आपल्या कारखान्याच्या उदाहरणांनी लिहिली तर परीक्षेचा अर्धा अभ्यास तिथेच होतो.

सगळ्यात जास्त लोक कुठे अडखळतात? पुढच्या सत्राच्या नोंदणीत. मागच्या परीक्षेचा निकाल आल्यावर भरू म्हणून थांबतात आणि सहा महिने हातचे जातात. परीक्षा दिली असो वा नसो, निकाल आला असो वा नसो, पुढची नोंदणी वेळेत करायची. परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा, त्याचं शुल्कही वेगळं.

प्रवेशाच्या आधी कागद जुळवा. २०२४ च्या सत्रापासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो, तो एबीसी आयडीवरून (क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी खात्याच्या क्रमांकावरून) काढायचा असतो आणि एबीसीत नाव आधारवरून येतं. आपल्याकडे इथेच गोंधळ होतो. कर्नाटकाच्या एसएसएलसी मार्क्सकार्डावर नावापुढे आद्याक्षरं असतात, महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीवर आडनाव आधी, आणि आधारवर कानडीतून इंग्रजीत उतरवताना तिसरंच स्पेलिंग आलेलं असतं. पदवीच्या दाखल्यावरचं नाव एसएसएलसीप्रमाणे असतं, म्हणून आधार एसएसएलसीप्रमाणे दुरुस्त करून घ्या, उलटं करायला जाऊ नका. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी विवाह नोंदणीचा दाखला जोडायला ठेवावा. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं, त्यामुळे त्याआधी बेळगावातल्या कॉलेजांतून बीए, बीकॉम झालेल्यांची पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची असते. पदवी प्रमाणपत्र काढलेलं नसेल किंवा स्थलांतर दाखला लागत असेल तर धारवाडला चक्कर ठरलेली. प्रवेश सुरू होण्याच्या दोन महिने आधी ती मारून या.

सरकारी कर्मचारी आणि अनुदानित शाळेतल्या शिक्षकांनी खात्याची परवानगी प्रवेशाच्या आधी घ्यावी. नंतर घेतलेली परवानगी सेवापुस्तकात नोंदवताना अडते.

भरलेले पैसे वाया जातील अशी भीती असेल तर आधी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरचे व्यवस्थापनाचे दोन अभ्यासक्रम करून बघा, ८ किंवा १२ आठवड्यांचे. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तर विषयाला १,००० रुपये. एक अकाउंट्सचा घ्या, एक संख्याशास्त्राचा. दोन्ही पूर्ण झाले तर एमबीए झेपेल. तिसऱ्या आठवड्यात सुटले तर साठ हजार वाचले.

प्रकल्पाकडे पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवा. सगळे पेपर निघून नुसत्या प्रकल्पासाठी चार वर्षं उलटून जातात आणि मग पुन्हा प्रवेश घेऊन पैसे भरावे लागतात. विषय स्वतःच्या कामातला घ्या: ऊस वाहतुकीच्या गाड्यांचा यार्डातला थांबण्याचा वेळ, एका भट्टीच्या वितळणाचा वीजखर्च, पतसंस्थेच्या थकबाकीची कारणं. माहिती वापरायला कंपनीची लेखी परवानगी घ्या. गिऱ्हाइकांची नावं आणि दर लपवून टक्केवारीत मांडा, नाहीतर मालक ऐन वेळी नकार देतो. मार्गदर्शक ठरवताना त्यांची पात्रता इग्नूच्या नियमात बसते का ते बघा, आणि त्यांचा सही केलेला बायोडाटा प्रकल्पाच्या प्रस्तावासोबत जोडा. प्रस्ताव मंजूर व्हायच्या आत माहिती गोळा करायला लागू नका, विषय बदलून आला तर काम परत करावं लागतं. आणि मंजुरीचा मूळ कागद प्रकल्पाच्या बाडात पहिल्याच पानांत बांधून घ्या. तो नसला की बाड परत येतं.